हातमोजेवाल्या बाईचा सत्कार

सत्काराला निघताना मी एक वाक्य पाठ केलं होतं. हिंदीत, कारण कारखान्याच्या साहेबांना मराठी येत नाही. ‘साहब, अगले महीने नहीं हो पाएगा, बेटी के पास जाना है।’ हुडको कॉलनीतल्या आमच्या घरापासून कारखान्याच्या गेटपर्यंत स्कूटरवर मागे बसून मी तेच पुटपुटत होते. नवरा हेल्मेटमधून दर चौकात विचारायचा, "काय म्हणून राहिली?"

लेक नागपूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी तिची खोली आवरून ठेवली होती. पण डॉक्टरांनी तिचा प्रवासच बंद केला. तिला सासू नाही, आणि जावई सकाळी जातो तो दिवे लागल्यावर येतो. ती इकडे येऊ शकत नाही तर मी तिकडे जायचं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तिनं फोनवर एकदाच विचारलं, "आई, तू येशीन ना?"

"मी नाही येणार तं कोन येणार?" मी म्हटलं.

मी कामगारांचे हातमोजे शिवते. जाड सुती कापडाचे, भट्टीजवळ काम करणाऱ्यांसाठी. नवरा स्टील प्लांटमध्ये नोकरीला होता आणि आम्ही तिथल्याच सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, तेव्हा एका मशीनवर हे सुरू झालं. आता शेजारच्या तिघी माझ्यासोबत बसतात आणि माल एका खासगी कारखान्याला जातो. मोजा फाटतो तो अंगठ्यापाशी, म्हणून अंगठा मीच जोडते. ठरलेल्या दिवशी माल पोचला नाही असं कधी झालं नाही. दिराच्या लग्नात मी मेंदीच्या हातांनी गठ्ठे बांधले होते, सासरचे लोक ते अजून ऐकवतात.

कारखान्याच्या हॉलमध्ये बॅनर लागला होता, ‘भरोसे के साथी’. ऑक्सिजनच्या सिलिंडरवाला, नटबोल्टवाला, पाण्याच्या कॅनवाला आणि मी, असे आम्ही भरवशाचे लोक स्टेजवर बसलो. सोफा एवढा खोल होता की बसले ती रुतलेच. अंगावर शाल टाकली, ती टोचत होती. एका हातात नारळ दिला, दुसऱ्या हातात काचेची ट्रॉफी. आता माझे दोन्ही हात अडकले. माणसाला नाही म्हणायचं तर निदान एक हात मोकळा लागतो.

खरेदी बघणारे साहेब माझ्याकडे वळून माइकवर म्हणाले, "बहनजी ने आज तक हमें ‘ना’ नहीं कहा।"

टाळ्या पडल्या. पाठ केलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं, ते तिथंच बसलं. साहेब पुढे बोलतच होते. पुढच्या महिन्यात त्यांचं शटडाउन. म्हणजे भट्टी बंद करून मोठी दुरुस्ती काढतात, बाहेरून शेकड्यांनी माणसं आणतात, आणि त्या सगळ्यांना मोजे लागतात. "तो इनाम में," साहेब म्हणाले, "बहनजी का ऑर्डर डबल!"

चांगलं काम केलं म्हणून बक्षीस काय, तर आणखी काम. असलं डोकं कुठून आणतात कोण जाणे. पण साहेब मनापासून खूश होते, त्यांच्यावर रागावताही येईना. खाली पहिल्या रांगेत माझ्या तिघी ठेवणीतल्या साड्या नेसून बसल्या होत्या. डबल म्हटल्याबरोबर त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीला घरात पंप बसवायचा होता, एकीच्या पोराचं कॉलेज अडलं होतं, हे मला तोंडपाठ होतं. साहेबांनी माइक माझ्या तोंडाशी धरला.

"धन्यवाद," मी म्हटलं.

सगळ्यात जास्त वेळ टाळ्या माझ्या नवऱ्यानं वाजवल्या. बाहेर आल्यावर मी त्याच्यावरच घसरले. "कायले वाजवल्या एवढ्या? तुमाले मालूम होतं ना मले पोरीकडं जाचं हाये?"

"मंग काय करू? सारे वाजवून राहिले होते."

"पोरगी तिकडं एकटी हाये!"

त्यानं स्कूटरला किक मारली. घरी आल्यावर मी ट्रॉफी मशीनवर आदळली, कापलेल्या कापडाच्या गठ्ठ्यावर, आणि रडायला बसले. खरंच रडले. माझ्याच लेकीकडे जायला मला माझ्याच घरातून सुटता येत नव्हतं, आणि कुणी दारही लावलं नव्हतं.

नवऱ्यानं चहा आणून ठेवला. मग म्हणाला, "मी जातो."

"तुमी? बाळंतपणाले?"

"शटडाउनच्या टायमाले किती खेपा तू ड्यूटीवरचा डबा पाठवला. मी काय जल्मभर निरा खातच राहू काय? वरण-भात येते मले. बाकी तू फोनवर सांगजो."

रिटायर झालेला माणूस लेकीच्या बाळंतपणाला जातो, हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. मी हसले, मग भांडले, मग त्याची बॅग भरली. आळीव, डिंक, मेथी. आळिवाच्या लाडवांना नारळ लागतो, म्हणून सत्काराचा नारळही त्यातच टाकला. शालही टाकली होती, ती त्यानं परत काढून ठेवली. "हे लेकराले टोचन," म्हणाला.

तो गेला आणि मी मशीनवर बसले. लाडवाचा पाक फोनवर सांगायचा आणि पायानं मशीन चालवायची. लेक म्हणायची, "आई, बाबा मस्त करून राहिले, तू टेन्शन नको घेऊ." तिचं ते समजूतदार बोलणं मला जास्त लागायचं. तिनं रागवावं, कावून नाही आली म्हणून विचारावं, असं वाटायचं. तिनं विचारलं नाही.

मालाची शेवटची खेप जायची त्या सकाळी फोन आला. मी अंगठा जोडत होते. तिघींनी मशिनी थांबवल्या.

"झाली," नवरा म्हणाला. "पोरगी. दोघी बऱ्या हायेत." मागे नात रडत होती, चांगली खणखणीत. "अन् आयक, डॉक्टरनं देल्ल्या तारखेलेच आली. एक दिवस इकडं नाही का तिकडं नाही. पक्की तुह्यावर गेली."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मोज्यांच्या गोणीचं तोंड अजून शिवायचं होतं.

"फोन तिच्या कानाजवळ धरा," मी म्हटलं. रडणं मोठं झालं तशी मी बोलले, "बाई, पयल्याच दिवशी ही टायमावर पोचाची सवय नको लावून घेऊ."