बदल्याचं पोस्टर आधीच छापलं होतं

मित्रांनो, आज सकाळी मनीषनगरच्या दवाखान्यात शेजारी एक म्हातारा येऊन बसला. पैलवानासारखे मोडलेले कान बघून मी लगेच ओळखलं. 'रामटेकचा वाघ'.

सत्तरच्या दशकात मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो. फ्री-स्टाइल कुस्त्यांचा ठेकेदार एका गुरुवारी दोन पोस्टरं एकदमच छापायला देऊन गेला. एक येत्या रविवारचं, रामटेकचा वाघ विरुद्ध इराणचा पैलवान. दुसरं त्याच्या पुढच्या रविवारचं, 'वाघ पराभवाचा बदला घेणार'. पहिली कुस्ती तर अजून व्हायची होती.

रविवारी वाघ हरला आणि खांदा धरून, लोकांच्या आधाराने बाहेर गेला. सारं मैदान हळहळलं. मी मनात म्हणालो, काय नाटक करतो. पुढच्या रविवारी तो जिंकला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

आज त्याचा उजवा हात वर जात नव्हता. तरी माझा संशय जाईना. विचारलं, "पैलवान, ती कुस्ती आधीच ठरली होती ना?"

"हरायचं ठरलं होतं गा," तो म्हणाला. "खांदा निखळायचं नव्हतं ठरलं."

"मग आठ दिवसांत पुन्हा काहून उतरले?"

"शहरभर पोस्टर लागून गेले होते ना. ठेकेदार म्हणे, छापलेलं आता थोडीच बदलते."

ते पोस्टर मी जुळवलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. उद्या तो पुन्हा खांदा शेकायला येणार आहे.

तुम्ही असता तर सांगितलं असतं का?