साहेबांसमोरची गुजराती

सुधामावशीनं जगदाळेसाहेबांच्या तोंडावर गरम चहा फेकला आणि म्हणून तिची डहाणूहून तलासरीला उचलबांगडी झाली, असं आमच्या गल्लीत अजूनही सांगतात. सांगणारा हाताला झोका देऊन चहा फेकूनही दाखवतो. काही जणांच्या गोष्टीत तर चहामागून बशीसुद्धा जाते.

चहा कुणी फेकला नाही. चहा साहेबांच्या हातात होता आणि त्यातला थेंबही सांडला नाही. भयंकर होतं ते हेच.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. डहाणू स्टेशनजवळच्या एका सरकारी कचेरीत क्लार्क. तिथली हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती आणि ती मावशीलाच मिळणार हे कचेरीखालच्या चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. फक्त साहेबांनी शिफारस वर पाठवायची होती.

त्या कचेरीची एक जुनी रीत होती. साहेब बहुतेक घाटावरून यायचे आणि घाटावरच्या माणसाला गुजराती कळत नाही असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. मग काय! साहेबांशी मराठी, साहेबांविषयी गुजराती. तेही त्यांच्या पुढ्यात उभं राहून, चेहरा असा की जणू जावक क्रमांकच सांगतायत. समोरच्या टेबलावरचे काशीनाथकाका हसू दाबायला बसलेले. या खेळात मावशीचा हात कुणी धरू शकत नव्हतं. साहेबांचं पोट, साहेबांचा स्वेटर (डहाणूत स्वेटर!), साहेबीणबाईंनी डब्यात दिलेली भेंडी, काही म्हणजे काही सुटायचं नाही. घरी येऊन ती सगळं पुन्हा करून दाखवायची आणि आम्ही जमिनीवर लोळायचो.

आई तेवढी म्हणायची, "सुधे, एक दिवस अंगाशी येईल."

"अगं ताई, सातारचा माणूस तो! त्याला 'केम छो'च्या पुढं काय कळतंय?"

आता जे घडलं ते मी मावशीकडून एकदा आणि काशीनाथकाकांकडून निदान दहादा ऐकलंय.

जगदाळेसाहेबांना सही करण्याआधी खिशातला कंगवा काढून केसांवरून फिरवायची सवय होती. एक्क्याण्णव सालच्या जानेवारीत मावशी शिफारशीचा कागद घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. स्वतःच्याच शिफारशीचा! साहेबांच्या डाव्या हातात चहाचा कप. उजव्या हातानं त्यांनी कंगवा काढला. आणि मावशीनं, मान न हलवता, काशीनाथकाकांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हटलं, "जो, पाछो कांसको काढ्यो. सही करवी छे के परणवा जवुं छे?"

म्हणजे, बघ, परत कंगवा काढला; सही करायचीय की बोहल्यावर चढायचंय!

काशीनाथकाकांनी हसू दाबायला रुमाल तोंडाकडं नेला. तो तिथंच राहिला. कारण साहेब बोलले. सावकाश, जड आवाजात, अस्सल नवसारीच्या हेलात.

"परणवा नथी जवुं, सुधाबेन. सही ज करवी छे."

टाइपरायटर थांबला. कोपऱ्यातला शिपाई स्टुलावरून उठला आणि उगाचच परत बसला.

साहेबांचे वडील नवसारीला गिरणीत कामाला होते. साहेब मॅट्रिकपर्यंत तिथंच शिकलेले. म्हणजे दीड वर्ष त्यांनी सगळं ऐकलं होतं. दीड वर्ष! पोट ऐकलं, स्वेटर ऐकला, भेंडी ऐकली!

"साहेब, मी तर नुसता हसत होतो," काशीनाथकाका म्हणाले. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

साहेबांनी चहाचा घोट घेतला, कप ठेवला आणि मराठीत म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही, बाई. पण उद्या तुमच्या हाताखाली चार माणसं दिली, तर ती तुमच्याकडून पहिलं काय शिकतील?"

कंगवा खिशात गेला. कागद ड्रॉवरमध्ये गेला. सही झालीच नाही.

तलासरीची बदली ही शिक्षा नव्हती. ती मावशीनं स्वतः मागून घेतली. हे कळल्यावर आईच्या हातातलं लाटणं खाली पडलं.

"अगं, रोज आशागडवरून एसटीत आदळत जाणार तू?"

"जाईन. त्या टेबलावर नाही बसवत, ताई. साहेब काही बोलतच नाहीत गं. ओरडले असते तर बरं होतं."

तलासरीतही हेडक्लार्कची जागा रिकामी व्हायची होती, आणि साहेब आले थेट विदर्भातून. चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात, सुट्टी होती म्हणून, मी मावशीबरोबर गेले. एसटीत ती म्हणाली, "आता मी कुणाच्या मागं बोलत नाही. बोलायचं तर समोर, आणि त्याला समजेल अशा भाषेत."

"तू? समोर? मावशे, पैज!"

हरेल तिनं रविवारी टोपलीभर ओले बोंबील साफ करायचे, असं ठरलं.

कचेरीच्या ओट्यावर झरी गावच्या बायजी नावाच्या एक बाई सकाळपासून बसलेल्या, दाखल्यावर सही हवी म्हणून. साहेब आत पेपर वाचत होते. जेवणाची वेळ टळली तरी पेपर संपेना. हिरूभाऊ शिपाई आणि दोघे क्लार्क गुजरातीत कुजबुजायला लागले आणि आशेनं मावशीकडं बघायला लागले. तिची डहाणूची कीर्ती इथवर पोचली होती ना! मावशीचे ओठ हलले. मी मनातल्या मनात बोंबील तिच्यापुढं ओतले.

ती उठली आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, झरीच्या बाई सकाळपासून बसल्यात. त्यांची परतीची गाडी चुकेल. आत पाठवते."

"तुम्ही मला शिकवताय, बाई?"

"नाही साहेब. सांगतेय."

हिरूभाऊंनी डोळे मिटून घेतले. शिफारस याच माणसाच्या हातात होती. एवढं तोंड पोळलेली बाई, आणि पुन्हा तोंड उघडते! पेपरची घडी होण्याचा आवाज आला.

"पाठवा."

त्या वर्षी हेडक्लार्क दुसराच कुणी झाला. मावशीला ती खुर्ची मिळाली पुढच्या वर्षी, याच साहेबांच्या शिफारशीवर. पण रविवार काही वर्षभर थांबला नाही. मी टोपलीभर बोंबील साफ केले. टोपली केवढी, हे ठरवायचं राहून गेलं होतं, आणि कोळणीला निरोप मावशीनं धाडला होता.