इचिफाची बायको

खाणीत कामाला गेला आणि घरी परतायचं विसरला, अशा पुरुषाला आम्ही खोसा लोक इचिफा म्हणतो. शिवीच ती. त्याच्यामागे चूल पेटती ठेवणाऱ्या बाईसाठी मात्र शब्दच नाही. मला विचाराल तर तो करावा असं कुणाला वाटलंच नसेल.

माझी शेजारीण नोफेझिले अशाच एका इचिफाची बायको. तिचा नवरा दुमिले जोहान्सबर्गला गेला तेव्हा त्यांचा लिझो रांगत होता आणि धाकटी पोटात होती. पहिल्या वर्षी एक घोंगडी आली, पुढे काहीच नाही.

तिच्या सासऱ्याचं नाव लांगा, म्हणजे सूर्य. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, म्हणून ती सूर्याला 'तापवणारा' म्हणे. सासरा मेला, नवरा परागंदा झाला, तरी तिचा आपला तापवणाराच उगवायचा. गोठ्यापुढचं अंगणही सुनेनं ओलांडायचं नसतं. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन ती झोपड्यांमागून वळसा घालून जायची.

मी एकदा चिडवलं, "अगं, गोठ्यात आहे कोण बघायला? गुरंसुद्धा मेली दुष्काळात."

"तू बघतेस ना," ती म्हणाली.

मग धाकटी तापानं गेली. शहरातल्या आमच्या माणसांनी दुमिलेला गाठून निरोप दिला. "निघतोच," म्हणाला. बाप येईल म्हणून नोफेझिलेनं पोरीला मातीत घालू दिलं नाही. शेवटी थोरल्या दिरानं तिला बाजूला केलं आणि खड्डा खणला. दुमिले आला नाही.

तो आला गेल्या हिवाळ्यात, पत्र्याची पेटी घेऊन, खोकत खोकत. थोरल्या दिराला कोण आनंद झाला! बोकड ठरला, दारू ठरली. गोठ्यात पूर्वजांपुढे उभं करून भावाला परत घरात घ्यायचं होतं. दारूसाठी ज्वारी भिजवायला अर्थातच नोफेझिलेला सांगितलं.

तिनं भिजवली. माझ्यासमोर दिराला म्हणाली, "भाऊजी, एक करा. बोकड कापायच्या आधी ह्यांना सगळ्यांदेखत विचारा, पोरीचा निरोप मिळाला तेव्हा का आला नाहीत. उत्तर काही का असेना. मला फक्त ऐकायचंय."

"गोठ्यातल्या कामात बायकांनी पडू नये. तू दारूचं बघ."

लिझो एव्हाना बाप्या झालेला. तो म्हणाला, "आई, जुनं उकरून काय मिळणार? बाबा आलेत ना."

मला त्या दोघांचा राग आला. तिला आला की नाही, कळलं नाही. ती ज्वारी दळत राहिली.

बोकडाच्या दिवशी आम्ही बायका गोठ्याच्या कुंपणाबाहेर बसलो होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं. थोरल्या दिरानं पूर्वजांना एकेकाच्या नावानं हाक मारली. नोफेझिले माझा हात धरून होती. बोकडाला सुरी लागली आणि तो ओरडला. बोकड ओरडला म्हणजे पूर्वजांनी मान्य केलं. "आजपासून ह्याला कुणी इचिफा म्हणायचं नाही," दीर म्हणाला आणि पुरुषांनी हुंकार भरला. कुणीच काही विचारलं नव्हतं.

तिनं माझा हात सोडला. झोपडीत जाऊन गाठोडं बांधलं, चिलीम कमरेला खोचली. दारातून निघाली ती वळसा न घालता, अंगणातून, गोठ्याच्या तोंडासमोरून सरळ चालत.

"अगं ए, कुठून चाललीस? शुद्धीवर आहेस का?" दीर उठलाच.

"माहेरी," ती म्हणाली. "सूर्य मावळायच्या आत पोचायचंय."

म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. माहेरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊ मेलेला, भावजय कजाग. मी उठून मागे जायला हवं होतं म्हणाल, तर गेलेही, ओढ्यापर्यंत. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

परतले तर मांस वाटलं जात होतं. नवऱ्याचं घर टाकून गेलेल्या बाईला आमच्याकडे इदिकाझी म्हणतात. त्यासाठी शब्द आहे. तिच्यासाठी तो पहिल्यांदा काढला दुमिलेनं, तोंडातला घास चावता चावता. लिझोनं ऐकलं आणि बापाला आणखी एक तुकडा कापून दिला.