मोहाखाली बाबा बोलले

मी शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येणं, करणी, भूतबाधा... असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. लोकांचे असे अनुभव वाचून मी हसायचे. आता तुम्ही हसा, माझी हरकत नाही.

आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात, जंगलाला लागून. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या मोटरसायकलला रानडुक्कर आडवं आलं आणि डोक्याला मार बसला. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, अफेजिया — समजतं सगळं, शब्द बाहेर येत नाहीत. उरला एकच शब्द, चहा. भूक लागली तरी चहा, पाठ खाजली तरी चहा. स्पीच थेरपीच्या मॅडम व्हिडिओ कॉलवर शिकवणार, आणि नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर! बाबांना धरून धरून तिथवर न्यायचं, की कॉल कट. खोटं कशाला बोलू, वैतागले होते मी.

मोहफुलं पडायला लागायच्या आधी आमच्याकडे झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे वेचायला जमीन साफ मिळते. वनखात्याची मनाई आहे, तरी सगळेच जाळतात, आम्हीही. बाबांचा मात्र एक नेम होता — आधी झाडाला फेरा मारून कुठे जीवजंतू दडलाय का ते बघायचं, मगच काडी ओढायची.

त्या सकाळी मी पाला जाळायला निघाले, तर बाबांनी माझा हात घट्ट धरला. "चहा... चहा!"

"बाबा, आत्ताच त पेलेत ना!" तरी दुसरा कप दिला. तो त्यांनी भिंतीवर फेकला. माझं डोकंच सटकलं. "बोलता येत नाई त मले कायले तरास देता?" असं ओरडून मी बाहेर पडले. बोलू नये ते बोलले.

झाड घरापासून दोन किलोमीटर. तणतणतच पाला ओढला. फेरा वगैरे काही मारला नाही. काडी ओढली... आणि मागून आवाज आला.

"थांब वो पोरी! पयले फेरा मार!"

बाबांचा आवाज. अपघाताआधीचा, खणखणीत. वळून पाहिलं, कोणी नाही. काडी बोटाला चटका देऊन विझली. मग फेरा मारला. बुंध्यामागे, पाल्यात, पलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, गोंड म्हातारी पडली होती. तापाने बेशुद्ध. मातकट लुगड्यामुळे दिसतच नव्हती. मी हाका मारून माणसं जमवली, तिला दवाखान्यात पोचवलं. ती वाचली.

घरी येऊन आईला विचारलं. "तू गेल्यापासून चहा-चहा चिल्लावून राह्यले होते. मंग एकदम चूप झाले आन् झोपले," आई म्हणाली.

भास म्हणा, मनाची टोचणी म्हणा. मीही स्वतःला तेच समजावते. पण तिथे माणूस आहे हे मला तरी कुठे माहीत होतं? थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही थकलाय." असेन.

शेवटी बाबांसमोरच बसले. "झाडाखाली बोलले, मंग घरी काऊन नाई बोलत?" त्यांनी ओठ हलवले, बराच वेळ झटले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा मीच म्हटलं, राहू द्या.

बाबा अजूनही फक्त चहाच म्हणतात. म्हातारी वाचली हे चांगलंच झालं. पण लाज वाटते सांगायला... ती रस्त्यात भेटली की मला तिचा राग येतो. बाबांकडे एकच वाक्य उरलं होतं, ते तिच्यासाठी गेलं.