अकराचा पाचवा घात

हॅनकॉक गावच्या शाळेत आयली राउतिओ बावीस वर्षं गणित शिकवत होती. मुलांसमोर मोकळी, पण मोठ्या माणसांपुढं उभं राहायचं म्हटलं की ती मागं सरे. मनातलं सांगायची ती एका लेम्पीला. शेजारच्या वर्गावरची शिक्षिका लेम्पी रोज दुपारी येई आणि आयलीच्या डब्यातला वेलदोड्याचा पाव हक्कानं निम्मा खाई.

एका हिवाळ्यात आयलीनं फळ्यावर अकराचे घात मांडले: १२१, १३३१, १४६४१. शेजारी 'अ अधिक ब'च्या घातांच्या विस्तारातले सहगुणक: १ २ १, १ ३ ३ १, १ ४ ६ ४ १. तेच आकडे! पोरं हरखली. इंगा नावाची मुलगी तेवढी उठली.

"बाई, पुढं बिघडतंय की. सहगुणक १ ५ १० १० ५ १, आणि गुणाकार येतोय १६१०५१!"

आयलीनं प्रश्न वहीत उतरवून घेतला. तीन दिवस डोक्यात तेच. मग उमगलं, बिघडलेलं काहीच नव्हतं. दहा एका घरात मावत नाहीत, म्हणून हातचा डावीकडं सरकतो. अकराऐवजी एकशे एक घ्या, प्रत्येकाला दोन घरं मिळतात: १ ०५ १० १० ०५ ०१. तिनं वहीभर उदाहरणं लिहिली आणि वही लेम्पीला वाचायला दिली.

पुढच्या शरदात मार्केट नावाच्या शहरात शिक्षकांचं संमेलन होतं. आयली मागच्या रांगेत बसली होती. मंचावर लेम्पी सांगत होती, "माझ्या वर्गातली एक मुलगी उठली नि म्हणाली, बाई, पुढं बिघडतंय की..."

टाळ्या थांबेनात. आयलीचे हात मांडीवरच राहिले.

बाहेर तिनं लेम्पीला गाठलं.

"अगं, चिडतेस काय? तू जन्मात बोलली नसतीस. वहीत कुजलं असतं सगळं."

"आकडे कुणाचेच नसतात, लेम्पी. पण इंगा तुझ्या वर्गात कधी होती?"

लेम्पी पर्समध्ये किल्ल्या शोधू लागली. "नाव कुठं घेतलं मी तिचं?"

"माझंही नाही घेतलंस."

आयली बसनं परतली. वर्षभरात लेम्पीच्या नावानं त्याच धड्याची पुस्तिका निघाली. मुख्याध्यापकांनी एक प्रत कौतुकानं आयलीच्याही टेबलावर ठेवली. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगून पटलं नसतं, आणि वही तर लेम्पीकडंच राहिली होती. धडा मात्र ती दरवर्षी शिकवत राहिली, इंगाचं नाव घेऊन.

दुपारी ती वर्गाचं दार आतून लावून एकटी जेवू लागली. पहिले काही दिवस लेम्पीनं दार वाजवून पाहिलं.