उलट्या हाताची तपासणी

"काकू, बाल्टी खाली ठेवा! कूलरला हात लावू नका!" कूलरवाला असा ओरडला की आमच्या अख्ख्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या बायकांनी बाल्ट्या खाली ठेवल्या असतील. आई ओल्या हातांनी जागीच थिजली.

आमचा लोखंडी कूलर माझ्याहून म्हातारा. दर उन्हाळ्यात हा येतो, वाळ्याच्या नव्या ताट्या लावतो आणि "चलो, झाला तरुण" म्हणतो. यंदा मोटरही नवी बसवली. घरातलं वायरिंग मात्र आजोबांच्या काळातलं. अर्थिंगचं नावही त्या वायरिंगनं ऐकलेलं नाही.

कूलर सुरू केला की याची एकच रीत. आई घरात अनवाणी असते म्हणून हाही चप्पल काढतो, डोळे मिटतो आणि करंट उतरलाय का ते पाहायला उलटा हात पत्र्याला लावतो. तेवढ्यात माझा जीव नर्मदेचा तळ पाहून येतो.

आज तो हात झटक्यानं मागे आला, तेव्हाच तो तसा ओरडला. त्यानं प्लग उपसला, मोटरची वायर नीट बांधली, प्लग परत लावला आणि पुन्हा तोच हात पुढे केला.

"भैया, मरायचं आहे काय? मागच्या वर्षी मी टेस्टर दिला होता, तो काहून नाही आणला?" मी विचारलं.

"तो घरी बायकोजवळ असतो," तो म्हणाला. "तिथं कूलरमध्ये पाणी ती भरते."