अकरा मिलिमीटर

समजा, हे काम तुम्हाला करायचं आहे. जमिनीखाली सहाशे मीटर. बोगद्याच्या छतात एक लोखंडी खुंटी ठोकलेली आहे आणि बरोबर तिच्याखाली जमिनीत दुसरी. सकाळची पाळी उतरण्याआधी या दोन खुंट्यांमधलं अंतर मोजायचं. जोडीदार गुडघ्यांवर बसून टेपचं खालचं टोक दाबून धरणार, आणि तुम्ही वरचं टोक ताणून शिरस्त्राणावरच्या दिव्यात आकडा वाचणार. अंतर कालच्यापेक्षा दोन मिलिमीटरने कमी भरलं, तर खडक रोजच्यासारखा बसतोय, काम चालू द्या. पण आज एकदम अकरा मिलिमीटर कमी भरलं तर? वर लिफ्टपाशी चौतीस माणसं दिवे लावून उभी आहेत, आणि त्यातला एक तुमचा मुलगा आहे.

खाणीतले इंजिनिअर राइमुंड कोत्सुर यांनी ऑक्टोबर १९८३ मध्ये अकरा वाचलं आणि सात नंबरचा बोगदा बंद केला. त्यांचा मुलगा हुबर्ट तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्या बोगद्यात तो त्याच दिवशी पहिल्यांदा उतरणार होता.

अकरा दिवस वाट पाहूनही छत पडलं नाही. शेवटी वरिष्ठांनी वैतागून तिथे विटांची भिंत घातली आणि सगळ्यांना दुसरीकडे पाठवलं. पुढे खाणच बंद झाली, पंप थांबले आणि पाणी भरलं. भिंतीमागचं छत कधी पडलं की नाही, ते कुणालाच कळलं नाही. पोराला वाचवायला बापाने आकडा बनवला, असं सिलेशियाच्या खाणपट्ट्यातल्या त्या लाल विटांच्या वसाहतीत सगळे म्हणू लागले, आणि हुबर्टला नवं नाव मिळालं. बीअरच्या दुकानात शिरला की मागून आवाज यायचा, "सरका रे, अकरा मिलिमीटर आला! छताकडे बघा!" दोन वर्षं त्याने सोसलं. मग खाण सोडून तो बस चालवायला लागला. वडिलांना त्याने एकदाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं, आणि ते उत्तर खरं आहे की नाही, हे पुन्हा त्यालाच ठरवावं लागलं असतं.

माणूस म्हणून कोत्सुरसाहेब सरळच होते. खाणकामगाराचा मुलगा, रात्रशाळेत शिकून इंजिनिअर झालेला. पण छत म्हटलं की त्यांना संशय यायचा. हुबर्ट जन्मला त्या दिवशी पाळण्यावरचं छत त्यांनी झाडूच्या दांड्याने ठोकून पाहिलं आणि प्लास्टरचा एक पोपडा खरोखरच खाली आला. "बघ, ट्रुडा!" ते बायकोला म्हणाले. ती म्हणाली, "तू ठोकलं नसतंस तर पडला नसता." रविवारी मांसाचे रोल ते स्वतः कापत. सगळ्यात जाड तुकडा ट्रुडाच्या ताटात पडे, मग मुलांच्या, आणि पातळ टोकं स्वतःला. एकोणसाठ वर्षांच्या संसारात त्यांनी रविवारचं जेवण एकदाही चुकवलं नाही. हे सगळे कौतुकाने सांगत. हुबर्टला मात्र त्या कौतुकाचीच धास्ती वाटे. जो माणूस घरच्यांसाठी इतकं करतो, तो आणखी काय काय करेल?

अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी साहेब गेले. टोप्यांवर लाल पिसं खोवलेला बँड शवपेटीपुढे वाजवत गेला. जुने कामगार काळ्या पिसांच्या टोप्या घालून आले होते. शवपेटीवर साहेबांची टोपी होती, इंजिनिअरांच्या पांढऱ्या पिसांची.

कपाट आवरताना हुबर्टला त्यांची मोजमापाची वही सापडली होती. स्मशानातून येऊन सगळे सभागृहात जेवायला बसले तेव्हा ती घेऊन तो अलोझ पिटलिकच्या शेजारी जाऊन बसला. अलोझ म्हणजे तेव्हाचा मुकादम. टेपचं खालचं टोक धरायचा तो हाच, आणि आकडा साहेबांनी बनवला असं गावभर सांगणाराही हाच.

"अलोझकाका, ही सही कुणाची?"

अलोझने बटाट्याचा गोळा रश्शात बुडवला, चष्मा वर केला आणि पान पाहिलं. "माझीच. बाईच्या अक्षरासारखी आहे म्हणून ओळखली."

"अकराच्या समोर आहे."

"असेल."

"नियम काय होता? दोघांनी वाचायचं, मग दोघांनी सही करायची. तुम्ही वाचून सही केलीत, आणि छत्तीस वर्षं गावाला सांगताय की आकडा खोटा?"

"आधी जेवू दे, पोरा. आज तरी शांतपणे जेवू दे."

"जेवा की. तोंडात घास ठेवूनच बोला."

अलोझने काटा खाली ठेवला. "मी गुडघ्यावर, नाक चिखलात. आकडा वर साहेबांच्या नाकासमोर. मी उठून बघायला जायचं म्हणजे साहेब खोटं वाचतात असं तोंडावर सांगायचं. कुठला मुकादम असलं करेल? आम्ही कुणीच उठत नव्हतो. शनिवारी दिव्यांच्या खोलीत वही यायची आणि आठवड्याच्या सहा सह्या एकदम ठोकायच्या."

"म्हणजे तुम्ही पाहिलंच नाही."

"नाही पाहिलं."

"मग खोटा होता हे कशावरून?"

"आदल्या दिवशी दोन होतं! दोनवरून एकदम अकरा? आणि तेही नेमकं राजपुत्र उतरायच्या दिवशी?"

हुबर्टने पानं मागे उलटली. एकाहत्तर सालात नऊ, अठ्ठ्याहत्तर सालात आठ. दोन्ही वेळा साहेबांनी बोगदा बंद केला होता आणि दोन्ही वेळा तिथे कोत्सुरांचा कुणीही नव्हता. त्याने ती पानं अलोझपुढे सरकवली.

अलोझने दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून ते वाचले. "अठ्ठ्याहत्तरचं छत पडलं होतं," तो हळूच म्हणाला. "तिसऱ्या दिवशी. त्या पाळीत मी शेजारच्याच बोगद्यात होतो." मग लगेच मान झटकून म्हणाला, "पण त्याने काय सिद्ध होतं? खरं मोजणाऱ्यालाच खोटं नीट जमतं. तरी साहेबांच्या बाजूचंही एक सांगतो. त्या दिवशी साहेब माझ्याबरोबर पाचला खाली उतरले. कामाची यादी वर साडेपाचला लागली. यादीतलं तुझं नाव त्यांनी पाहिलंच नव्हतं. एवढं मी शपथेवर सांगतो."

"हे इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं?"

हुबर्टला क्षणभर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. पण क्षणभरच. कारण आपली नेमणूक त्याला आदल्या संध्याकाळीच कळली होती. यादी करणाऱ्या कारकुनाने रस्त्यात सांगितलं होतं, आणि घरी येऊन त्याने ते आईला सांगितलं होतं. आई तेव्हा ओट्यापाशी कोबी चिरत होती. हे अलोझला ठाऊक नव्हतं.

तो उठला. आई टेबलाच्या टोकाला बसली होती, काळ्या शालीत. ती पाहुण्यांना केक वाढून घ्यायला सांगत होती. तो तिच्या खुर्चीपाशी वाकला.

"आई, सात नंबरच्या आदल्या संध्याकाळी मी तुला सांगितलं, उद्या तिथे जायचंय म्हणून. आठवतं?"

"आठवतं ना. तू खूश होतास. मी नव्हते."

"तू बाबांना सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? त्यांना आधीच हजार काळज्या."

"मग बाबांनी ऐकलं का? ते तेव्हा होते कुठे?"

आईने शाल सावरली आणि त्याच्याकडे न पाहता केकचं ताट शेजारणीपुढे केलं. "तुझे बाबा कुठे असणार? कामावरून सुटले की घरात. दुसरीकडे कुठे जायचे का ते कधी?"

"घरात कुठे, आई?"